क्षिप्रेच्या बंदराचे नियम

तमाम लहानथोर जनतेस याद्वारे अत्यंत गांभीर्यपूर्वक कळवण्यात येते की, समुद्रापासून कुठल्याही दिशेने दूर असलेलं आमचं उज्जैन शहर एका पावसाळ्याच्या अखेरीस बंदर झालं होतं. या बंदरात नौकांनी कसं यावं, कसं जावं, कोणी कोणाला वाट द्यावी आणि शिट्टी किती वेळा फुंकावी याचे रीतसर नियम होते. सदर बंदराचे सर्वोच्च अधिकारी आमचे काका होते आणि सर्वांत कनिष्ठ कर्मचारी मी. ही घोषणा मराठीत आहे हे कृपया ध्यानात ठेवावं. हिंदीत वाचलीत तर मी अख्ख्या शहराला माकड म्हणतोय असं वाटेल, आणि तो गैरसमज आमच्याकडे आधीच एकदा होऊन गेलेला आहे.

काका म्हणजे बाबांचे थोरले भाऊ. सगळी नोकरी कोकणातल्या एका लहानशा बंदरात. धक्क्यावर उभं राहायचं आणि आत येणाऱ्या, बाहेर जाणाऱ्या होड्या नियमाने जातायत की नाही ते बघायचं. काकू मात्र मूळची उज्जैनची. लग्न होऊन समुद्राकाठी गेली, पण शेवटपर्यंत तिकडच्या माशाला नाक मुरडत राहिली आणि इथल्या कचोरीची आठवण काढत राहिली. जाताना तिने एकच सांगून ठेवलं होतं, मला क्षिप्रेत सोडा. मूलबाळ नव्हतं. बाबा कोकणात जाऊन काकांना घेऊन आले. काकांच्या एका हातात पत्र्याची ट्रंक होती आणि दुसऱ्या हातात पांढऱ्या फडक्याने तोंड बांधलेलं मडकं. मडक्यात काकू.

अस्थी घरात आणत नाहीत, म्हणून माधव नगरच्या आमच्या घराच्या अंगणात पेरूच्या झाडाला मडकं टांगलं. पेरू धरले होते. आईने आम्हाला ताकीद दिली की कार्य उरकेपर्यंत झाडाला हात लावायचा नाही. पोपटांना ताकीद देणारं कोणी नव्हतं. त्या वर्षी त्यांची चंगळ झाली.

घरात कोणी रडलं नाही. हे मी तक्रार म्हणून सांगत नाही, जसं होतं तसं सांगतोय. दाढ काढण्याआधी डॉक्टर सुई टोचतो, मग गाल आपलाच असतो पण कोणी पाहुणा येऊन चेहऱ्यावर बसल्यासारखा वाटतो, तसं आमचं अख्खं घर झालं होतं. काकूने लहानपणी मला मांडीवर घेऊन खेळवलं होतं, दर दिवाळीला चकल्यांचा डबा पाठवला होता. मी मुद्दाम त्या चकल्या आठवून बघितल्या. आठवल्या. खुसखुशीत होत्या. बाकी काही नाही.

काका तर आमच्यापेक्षा पुढे होते. पोळी वाढली की खायचे, वाढायचं थांबलं की थांबायचे. एकदा आई फोनवर बोलत राहिली, तर ते रिकाम्या ताटासमोर तसेच बसून राहिले, भूक आहे की नाही हे दुसऱ्या कोणी येऊन सांगेल अशा थाटात. आमच्या गल्लीत तेव्हा नुकतीच केबल आली होती. परदेशी चॅनेल दिसायचे, गोऱ्या बायका खदाखदा हसायच्या, आणि काका आवाज बंद करून त्यांच्याकडे बघत बसायचे. हवामानाचा नकाशा आला की तेवढे जरा पुढे सरकायचे. वारा कुठून आहे ते बघायचे. मग परत मागे.

पितृपक्ष तोंडावर आला तेव्हा आई म्हणाली, "आता पुरे. वहिनींना किती दिवस झाडाला लटकवून ठेवायचं?"

गुरुजी ठरले. आम्ही सगळे रामघाटावर गेलो. काकांनी मडकं छातीशी धरलं होतं. नदी पावसाळ्याची, गढूळ, दोन्ही काठ भरून. नावांची ही गर्दी. एका नावेत इतके यात्रेकरू बसले होते की कडेला बसलेल्याचं धोतर नदीतच धुतलं जात होतं. आमच्या डोळ्यांसमोर दोन नावा एकमेकींवर आपटल्या, दोन्हीकडच्या बाया किंचाळल्या, दोन्हीकडच्या नाववाल्यांनी एकमेकांच्या बहिणींची चौकशी केली आणि दोन्ही नावा पुढे गेल्या.

काका पायरीवर थांबले. कोकणातून आल्यापासून पहिल्यांदाच त्यांनी स्वतःहून तोंड उघडलं.

"इथले नियम कोणते?"

नाववाल्यांचा मुखिया तिथेच विडी ओढत होता. पोट सुटलेला, मिशाळ, गळ्यात रुद्राक्ष. मी त्याला हिंदीत विचारलं. तो हसला. "नियम? नियम एक ही है, भिया. पहले सवारी बैठे, फिर नाव चले. उलटा करोगे तो सवारी भीगेगी."

मी काकांना सांगितलं. काकांनी मान हलवली, रागाने नाही, कशानेच नाही. "नियम नसलेल्या पाण्यात मी तिला नेणार नाही," म्हणाले, आणि वळून पायऱ्या चढायला लागले. गुरुजींच्या हातात दर्भ तसाच राहिला. संध्याकाळी मडकं पुन्हा पेरूवर.

बाबा भडकले. "दादा, ही नदी आहे, तुझं बंदर नाही! जग इथे अस्थी सोडतं!" काका ऐकत होते. कोणी पाऊस पडतोय असं सांगावं आणि आपण ऐकावं, तितकंच. बाबा दमून आत गेले. आई माझ्याकडे वळली. तिच्या आवाजात भांडण नव्हतं, भीती होती. "हे आत्ता झालं नाही तर कधीच होणार नाही. ते असेच बसून राहतील आणि वहिनी अशाच टांगलेल्या राहतील. तू काहीतरी कर. तुला नाहीतरी नाटकं जमतात."

मला नाटकं जमायची हे खरं होतं. देवास गेटला बसस्टँडसमोर माझा एसटीडीचा बूथ होता, सोबत झेरॉक्सचं मशीन. दिवसभर लोक काचेआडून ओरडून आपली सुखदुःखं गावोगाव कळवायचे आणि मी बाहेर बसून ती मुकाट्याने पाठ करायचो. त्या दुपारी बूथ बंद करून मी मुखियाकडे गेलो आणि सगळं सांगितलं. कोकण, बंदर, काकू, कचोरी, पेरू, पोपट. नको तिथे जरा तिखटमीठही लावलं.

मुखियाने विडी विझवली. "भाभीजी कहाँ की थीं, बोला?"

"उज्जैनची. याच घाटावर वाढली."

"तो ऐसा बोल ना. उज्जैन की बेटी है तो हमारी बुआ हुई. बुआजी को बिना नियम के नहीं जाना, तो नहीं जाएँगी. बाबूजी को बोल, नियम बनाएँ."

असं उज्जैन बंदर झालं.

काका दुपारी खुर्चीत बसून सांगायचे, मी लिहून घ्यायचो. काका बरे झाले, डोळ्यांत चमक आली, असलं काही मी सांगणार नाही, कारण तसं झालं नाही. स्टेशनवरचा भोंगा गाडी उशिरा असल्याचं सांगतो त्या आवाजात ते सांगायचे. पण सांगायचे. धक्क्यावरून निघणाऱ्या होडीने आत येणाऱ्या होडीला आधी वाट द्यावी. वाटेच्या मध्ये होडी उभी करून गप्पा मारू नयेत. प्रत्येक होडीला बाहेरून लाल पट्टा मारावा आणि पट्टा पाण्याखाली गेला की एकही माणूस घेऊ नये, मग तो कोणाचाही जावई असो. (जावई मी घातला. काकांनी आक्षेप घेतला नाही.) प्रत्येक होडीत बुडत्याला फेकायला फुगवलेली ट्यूब. ती देवास गेटच्या पंक्चरवाल्याकडे जुनी मिळते, ही माहिती माझी. दिवेलागणीनंतर कंदील. एक शिट्टी म्हणजे मी उजवीकडे वळतोय, दोन शिट्ट्या म्हणजे डावीकडे. "आरतीच्या वेळी शिट्टी ऐकू येणार नाही," मी म्हणालो. काका म्हणाले, "मग आरतीच्या वेळी कोणी वळू नये."

आणि सगळ्यांत महत्त्वाचा नियम. दोन होड्या समोरासमोर आल्या तर दोघांनीही आपापल्या उजवीकडे वळायचं, म्हणजे समोरचा आपल्या डाव्या हाताने निघून जातो. हा सांगताना काकांनी दोन्ही तळहात एकमेकांसमोर आणून एकमेकांजवळून सरकवले. काकू ताटात पदार्थ कुठे वाढायची, ते मला तेव्हा आठवलं. चटणी डावीकडे, भाजी उजवीकडे, कधी चूक नाही. आठवलं आणि गेलं.

मी त्याचं हिंदी केलं, वर ठळक अक्षरांत मथळा दिला, 'बंदर के नियम', आणि झेरॉक्स काढून घाटावर वाटले. मुखियाने कागद डोळ्यांजवळ धरला, लांब धरला, आणि नदीच्या पार गेला असेल इतक्या मोठ्याने ओरडला, "अरे भिया! बंदरों के नियम हमको क्यों दे रिया है? बंदर तो ऊपर बैठे हैं पीपल पे, नहाने वालों के कपड़े ले भागते हैं! उनको बाँट!"

नाववाले पायऱ्यांवर लोळायला लागले. मराठीत बंदर म्हणजे जहाजं थांबतात ती जागा, हे मी घसा कोरडा पडेपर्यंत समजावलं. काकांना मात्र हे लोक का हसतायत ते सांगितलं नाही. काकांनी विचारलंही नाही.

सराव ठरला. सकाळची वेळ, गर्दी कमी. सगळ्या नावांना लाल पट्टे, सगळ्या नावांत ट्यूबा. एका पुजाऱ्याच्या चौकीवर विदेशी कोल्ड्रिंकची जाहिरात असलेली नवी लाल छत्री होती, तिच्या सावलीत काकांना उभं केलं आणि हातात बॅटरीवरचा भोंगा दिला. आमच्या ओळखीचा एक जण निवडणुकीत वापरायचा, त्याच्याकडून आणला होता. एका बाजूने मुखियाची नाव निघाली, दुसऱ्या बाजूने त्याच्या पुतण्याची. दोघेही उभे राहून बांबूने नाव ढकलत होते. नावा समोरासमोर आल्या. काकांनी भोंगा तोंडाला लावला आणि कोकणच्या धक्क्यावर देत असतील तसा हुकूम दिला:

"समोरची होडी डावीकडे ठेवा! डावीकडे!"

मुखिया आमच्या मराठी लोकांच्या शेजारी लहानाचा मोठा झालेला. त्याला डावा माहीत होता. तो बरोबर वळला. पुतण्याला मराठीचा गंध नाही. त्याच्या कानावर 'डावी' पडलं, डोक्यात 'दाईं' उतरलं आणि त्याने अगदी इमानदारीने समोरची नाव उजव्या हाताला ठेवायला घेतली. दोघांनीही नियम पाळला. दोघेही एकाच बाजूला आले. धाडकन आवाज झाला, बांबू वर उडाला, आणि मुखिया मिशांसकट क्षिप्रेत गेला.

लगेच कोणीतरी ट्यूब फेकली. तेवढा नियम चोख पाळला गेला. मुखिया ट्यूबच्या मधून डोकं काढून आधी पुतण्यावर घसरला.

"अबे अंधे! डावा बोला बाबूजी ने!"

"वोई तो! दायाँ बोला, मैंने दाएँ रखा!"

"डावा मतलब बायाँ होता है मराठी में!"

"तो बायाँ क्यों नहीं बोलते?"

"क्योंकि मराठी में बाया मतलब औरतें होती हैं, गधे!"

घाटावर अंघोळ करणाऱ्यांनी अंघोळी थांबवल्या. मी धावत काकांकडे गेलो आणि म्हणालो, काका, डावीकडे म्हणू नका, बायाँ म्हणा.

"बाया?" काकांनी भोंगा खाली केला आणि पाण्याकडे बघितलं. "कुठल्या बाया?"

मी हसलो. अगदी जोरात हसलो, आणि हसताना मला जाणवलं की फक्त तोंडच हसतंय, खाली काही हलत नाहीये. काका हसले नाहीत. त्यांनी भोंगा चौकीवर ठेवला आणि छत्रीच्या सावलीतून निघून उन्हातल्या पायरीवर जाऊन बसले.

"नकोच," म्हणाले. "ज्या पाण्यात डावं-उजवंच ठरलेलं नाही तिथे काय. राहू दे तिला झाडावर."

बाबांनी माझ्याकडे बघितलं, मी आईकडे. आईने सगळ्यांसाठी पोहे करून आणले होते, मोठ्या पातेल्यात. तिच्या हातात पळी होती आणि चेहरा असा की आता ही पळी कोणाच्या तरी डोक्यात बसणार. बसली नाही. ती नाववाल्यांना कागदावर पोहे वाढायला लागली. काय करावं कळत नसलं की आई वाढायला लागायची. मुखिया ओल्या कपड्यांनिशी उकिडवा बसून खात होता. आई त्याच्यासमोर थांबली. थांबलीच.

"भैयाजी, आप किस हाथ से खा रहे हो?"

मुखियाने दचकून हाताकडे बघितलं. "इसी से, भाभीजी. धोया है."

"और ये? और ये सब?"

सगळ्यांनी आपापले हात वर केले. बोटांना शेव चिकटलेली.

"बस. ना दायाँ, ना डावा, ना बाया," आई म्हणाली. "सामने नाव आई, तो खाने वाले हाथ की तरफ मुड़ना. सब के सब. समझे?"

"हओ!" सगळे ओरडले. फक्त पुतण्या गप्प. त्याचा वर गेलेला हात डावा होता.

"काकी, मैं तो इससे खाता हूँ."

"तू आज से किनारे बैठ," मुखिया म्हणाला. "सवारी बुलाने का काम तेरा."

नावा परत पाण्यात गेल्या. आईने पळी भोंग्यासारखी धरून "खाने वाला हाथ!" असा पुकारा केला. दोन नावा समोरासमोर आल्या, दोन्ही खाण्याच्या हाताकडे वळल्या आणि मधे स्वच्छ पाणी ठेवून एकमेकींजवळून निघून गेल्या. मग दुसऱ्या दोन. मग सगळ्याच एकदम, येणाऱ्या आणि जाणाऱ्या, कोणी कोणाला लागलं नाही. मुखियाला इतका चेव आला की समोर कोणी नसतानाही तो शिट्ट्या फुंकत वळत होता.

काका उठून उभे राहिले. बराच वेळ बघत होते. मग आईला म्हणाले, "बरोबर आहे."

दुसऱ्या दिवशी मडकं पेरूवरून उतरवलं. गुरुजींनी मंत्र म्हटले, काकांनी सांगतील तिथे पाणी सोडलं, सांगतील तेव्हा जानवं फिरवलं. मग नावेत बसण्यापूर्वी त्यांनी नाव तपासली. लाल पट्टा बघितला, ट्यूब दाबून हवा बघितली, बांबूला चीर नाही ना बघितलं. मुखिया हात बांधून उभा. काका त्याला तांडेल म्हणायला लागले होते. कोकणात होडीवरच्या मुख्य माणसाला तसं म्हणतात. मुखियाला अर्थ माहीत नव्हता, पण ऐकायला भारदस्त वाटायचं म्हणून तो छाती काढायचा.

"चला, तांडेल."

नावेत मुखिया, काका, बाबा, गुरुजी आणि मी. पट्टा पाण्याच्या चांगला वर. आई पायरीवर उभी. काकांनी मडकं मांडीवर घेतलं होतं आणि दोन्ही हातांनी धरलं होतं. सकाळचं ऊन पाण्यावर होतं. काहीतरी मोठं वाटायला हवं, या विचाराने मी वाट बघत होतो. एक प्लास्टिकची पिशवी वाहत आली, आमच्या बाजूने गेली, तीही नियमाने. मी ती दिसेनाशी होईपर्यंत बघत राहिलो. बाबा स्वतःच्या नखांकडे बघत होते.

समोरून एक नाव आली. दोन्हीकडून शिट्ट्या झाल्या, दोघेही वळले. ती जवळून जाताना तिच्यावरच्या नाववाल्याने बांबू खांद्याला टेकवून हात जोडले. "बुआजी को राम-राम!" तिच्यातल्या यात्रेकरूंना कोण बुआजी ते कळलं नाही, पण त्यांनीही जोडले. पाठीमागून आलेल्या नावेनेही तसंच केलं. काकांनी प्रत्येकाला मान लववून जबाब दिला, पंचा सावरून, धक्क्यावरचा अधिकारी देत असेल तसा.

मध्यावर मुखियाने बांबू रोवून नाव थांबवली. वाटेत उभं राहायचं नाही हा नियम होता, म्हणून त्याने आधी नाव येण्याजाण्याच्या वाटेतून बाजूला घेतली, न सांगता. गुरुजी म्हणाले, आता. काकांनी फडक्याची गाठ सोडली. गाठ ओली होऊन आवळली होती, वेळ लागला. कोणी मदत केली नाही, मदत करू नये हे सगळ्यांना कळत होतं. मग त्यांनी मडकं पाण्याशी नेऊन हळूच कलतं केलं. राख आधी वर तरंगली, एक करडा पट्टा झाला, आणि प्रवाहाने तो ओढायला सुरुवात केली.

काकांचं तोंड तसंच होतं, कोरडं. ते बघत होते. पट्टा लांब गेला, एका बाजूने विरळ झाला, खाली जायला लागला. आणि एकदम काका अर्धवट उभे राहिले, नाव डगमगली, मुखियाने त्यांना मागून घट्ट पकडलं. काकांनी मोकळा हात पाण्यापर्यंत लांब केला आणि दोन्ही काठांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने ओरडले:

"अगो, थांब! तुला पोहता कुठे येतं!"